बटाट्याचं पाणी

बटाटे मीच उकडले होते, तेही अळंबीचा काढा करायच्या मोठ्या पातेल्यात! प्रयोगशाळेच्या भांड्यात खायचं काही शिजवायचं नाही, असं नणंदेला पहिल्याच दिवशी दटावणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सोललेल्या फोडी उपसल्या, तेवढ्यात फोन आला आणि पाणी तसंच ठेवून मी बाहेर गेले.

नणंदेला वाटलं, वहिनीने काढ्यासाठी पाणी तापवून ठेवलंय. तिने वाळलेल्या अळंबीचा चुरा त्यातच टाकला, उकळला, गाळला आणि गार झाल्यावर अल्कोहोल ओतलं. अळंबीतलं पॉलिसॅकराइड, आम्ही त्याला सत्त्व म्हणतो, अल्कोहोलमध्ये पांढरं होऊन तळाशी बसतं. पण मेला बटाट्याचा स्टार्चही तसाच बसतो.

सकाळी सत्त्व निघालं नेहमीच्या दुप्पट. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हरखल्या. नणंद अजून कच्च्या नोकरीत. माझ्याच शब्दावर लागलेली.

"काय वेगळं केलंस गं?"

"काही नाही मॅडम. वहिनीने पाणी तयार ठेवलं होतं, म्हणून लवकर झालं."

"हिला आजच कायम करून टाकते!"

बटाट्याचं पाणी मला तेव्हाच आठवलं. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. लाज वाटली स्वतःची.

नणंदेने लगेच आईला फोन लावला, मग माझ्या कानाला धरला. सासूबाई रडत होत्या. "तू होतीस म्हणून माझ्या पोरीचं भलं झालं गं." लग्न झाल्यापासून या बाईने मला धड बरं म्हटलेलं नाही, आणि म्हटलं ते आज! जेवणाचा डबा तसाच बंद केला. हे सत्त्व आजारी माणसांच्या औषधात जाणार होतं.

शेवटी उठले. मॅडमसमोर चिमूटभर सत्त्व पाण्यात कालवलं आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. गडद निळं झालं.

"स्टार्च? कुठून आला?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडून. त्या पातेल्यात मी बटाटे उकडले होते. हिची काही चूक नाही."

"चूक कशी नाही? पाणी न बघता घेतलं तिने. आणि तू सकाळपासून गप्प!" मॅडमनी सगळं सत्त्व फेकायला लावलं. "कायम करायचं आता पुढे बघू."

नणंद बेसिनकडे वळली. पातेलं घासत राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचाच होता.

तिने ओले हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"वहिनी, आता तूच सांग."