वेगळा काढलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. स्टीलचा, साधा, काठाखाली दोन रेघा असलेला. माझ्या बुडाला पोचा आहे, त्यामुळे मला सरळ उभं राहता येत नाही. तेव्हा मी असा एका अंगावर कलून बोललो, तर राग मानू नका. दमलेल्या जिवाला थोडं टेकावंसं वाटतंच.

माझा जन्म कारखान्यातला. मोठ्या यंत्रानं एका दणक्यात सपाट पत्र्याचं पोट खोलगट केलं आणि मी पेला झालो. मग मला घासून इतकं चकचकीत केलं, की भांड्यांच्या दुकानात जो मला हातात घेई, त्याला माझ्यात आपलं नाक वांग्याएवढं दिसे. असंच स्वतःचं नाक पाहून खो खो हसणाऱ्या एका तरुण बसकंडक्टरनं मला विकत घेतलं. तेच पुढे आजोबा झाले.

त्यांच्या खाकी पिशवीत बसून मी किती रस्ते पाहिले, ते आता आठवत नाही. डेपोतल्या टाकीचं पाणी, थांब्यावरच्या टपरीतला चहा, सगळं माझ्यातच. "गाडी बंद पडेल, पण माझा पेला नाही," असं ते ड्रायव्हरला सांगत, तेव्हा माझी छाती फुगे. ते माझे सुखाचे दिवस होते.

आजोबा निवृत्त झाले आणि मीही घरी आलो. अरुंद गल्लीच्या टोकाला दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा व्हरांडा, एवढंच घर. मुलगा मालट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी कमी आणि फोनवर जास्त. सून कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं इस्त्री करायची. आणि नात होती भिंगरी. तिचं खरं नाव शाळेपुरतं. एका जागी ती कधी ठरलीच नाही, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. आजोबांच्या मांडीवर मात्र ती तासन्‌तास बसे आणि बसच्या गोष्टी ऐके.

मग आजोबांना खोकला लागला. "जन्मभर रस्त्यावरचा धूर खाल्ला, खोकणारच," असं म्हणून सगळ्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला, तरी कुणी मनावर घेतलं नाही. एके दिवशी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा कुठे ते सरकारी आरोग्य केंद्रात गेले. बेडका तपासला. टीबी निघाला.

त्याच दिवशी आजोबांची खाट व्हरांड्यात गेली आणि मध्ये जुन्या चादरीचा पडदा लागला. ताट वेगळं, वाटी वेगळी आणि मीही वेगळा. सूनबाई मला दोन बोटांच्या चिमटीत धरून विसळायची, जणू मी चावणार होतो. माझ्या भावंडांसोबत फळीवर बसायची मला बंदी झाली. माझी जागा खिडकीच्या कठड्यावर, धुळीत.

केंद्रातल्या सिस्टर आजोबांची विचारपूस करायला घरी आल्या. सडपातळ बाई, तुटलेल्या चपलेला सेफ्टी पिन, खांद्यावर जड पिशवी. त्या उंबऱ्यातच म्हणाल्या, "ताई, घरात लहान मूल आहे ना? तिलाही तपासायला आणा. आजार नसला, तरी पुढे होऊ नये म्हणून औषध देता येतं."

"पोरगी ठणठणीत आहे माझी," सूनबाई म्हणाली. "उगाच औषधं कशाला? आणि गल्लीत बोभाटा नको."

सिस्टर पुन्हा आल्या, पुन्हा तेच सांगून गेल्या. नंतर नंतर तर त्यांना पाहिलं की दार लागायचं.

पावलं मंदावली ती भिंगरीची. आधी ती शाळेतून येऊन नुसती बसू लागली. मग संध्याकाळी अंग कोमट लागू लागलं. पानातला घास पानातच राहू लागला. मानेवर एक गाठ आली. शेवटी सूनबाईनं कारखान्यात सुट्टी टाकली आणि तिला उचलून केंद्रात नेलं. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातलं पाणी घेतात. ते घेताना भिंगरी इतकी ओरडली, की परत आली तेव्हा तिला आवाजच उरला नव्हता. तपासणीत टीबी आला.

सूनबाई तडक पडद्यापाशी आली. "तुमच्यामुळे झालं हे! माझ्या पोरीला तुम्ही दिलंत!"

आजोबा खाटेवर बसले होते. सिस्टरांनी आधीच काय सांगितलं होतं, ते त्यांनी पडद्याआडून ऐकलं होतं. एक वाक्य त्यांना बोलता आलं असतं. पण त्यांनी मला हातात घेतलं आणि ते माझ्या रिकाम्या पोटात पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गोळ्या घेऊन आल्या. लहान मुलांच्या गोळ्या पाण्यात टाकल्या की विरघळतात. "एक पेला द्या," असं म्हणत त्यांनी हाताशी असलेल्या मलाच उचललं.

"तो नको!" सूनबाई ओरडली. "तो बाबांचा आहे!"

सिस्टरांनी मला धुतलं, माझ्यात पाणी ओतलं आणि स्वतः घटाघटा प्यायल्या. "ताई, हा आजार पेल्यातून, ताटातून जात नाही. हवेतून जातो, खोकल्यातून. आणि आजोबांचं औषध सुरू होऊन बरेच दिवस झालेत. त्यांची तपासणी आता स्वच्छ आलीय. त्यांच्यापासून आता कुणाला धोका नाही." मग हळूच म्हणाल्या, "जे झालं ते झालं. आता पोरीला बरं करायचंय, आणि ती होणार. पण पूर्ण सहा महिने. एक दिवसही चुकवायचं नाही."

अशा रीतीने, मित्रांनो, मी कामावर परतलो. पण कौतुक कसलं! औषधाची चव भिंगरीला आवडेना. तिनं मला असं भिरकावलं, की मी भिंतीवर आदळलो, आणि हा पोचा मला तेव्हाचाच. पुढे लघवी केशरी झाली, तेव्हा मात्र ती धावत आली, "आई, माझ्यातून सरबत आलं!" औषधानं तसं होतं, हे सिस्टरांनी आधी सांगितलं नसतं, तर सूनबाईला घेरीच आली असती.

दोन-अडीच महिन्यांत भिंगरीच्या गालांवर मांस आलं. ती पुन्हा गिरक्या घेऊ लागली. आणि तिथेच घोटाळा झाला. रोज सकाळी स्वयंपाक, डबा, रडणाऱ्या पोरीला औषध, आणि मग उशीर झाला म्हणून कारखान्यात बोलणी. एके सकाळी सूनबाईनं गोळ्या वरच्या फळीवर डब्यामागे सरकवल्या. दुसऱ्या सकाळीही त्या खाली उतरल्या नाहीत.

कठड्यावर मी कोरडाच आहे, हे आजोबांच्या लक्षात आलं. सिस्टरांनी परवानगी दिली होती, तरी इतके दिवस ते उंबऱ्याच्या आत आले नव्हते. त्या सकाळी पडदा बाजूला सारून ते आत आले.

"सूनबाई, पोरीचं औषध?"

"बरी झालीय ती. बघा की, कशी नाचतेय."

"मलाही मध्ये तसंच वाटलं होतं. सिस्टरांनी खडसावलं. अर्धवट सोडलं की आजार उलटतो, आणि मग साधं औषध लागू पडत नाही."

सूनबाई मटकन खाली बसली. "मी दमले हो, बाबा. पाय सुजतात, झोप नाही, हे फोनवरून नुसतं 'काळजी घे' म्हणतात. किती करू मी?"

"दमलीस, ते दिसतंय मला," आजोबा म्हणाले. "मी रिकामाच बसलोय. औषध मी देतो."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून गोळ्या काढल्या आणि त्यांच्या हातावर ठेवल्या.

त्या दिवसापासून आमची बस सुरू झाली. आजोबा आपल्या शेवटच्या महिन्याच्या गोळ्या घेऊन बसत, भिंगरी माझ्यातलं औषध घेऊन. "चला, पुढे सरका, पुढे सरका! पहिला घोट, शाळेचा थांबा. दुसरा घोट, बाजार. उतरणारे उतरा, डबल बेल!" शेवटच्या थांब्यावर माझ्यात पाणी घालून उरलंसुरलं औषधही ती पिऊन टाकी.

एकदा सिस्टर रिकाम्या पिशवीनं आल्या. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "केंद्रातल्या मुलांच्या गोळ्या संपल्यात. वरून आल्याच नाहीत. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रात आहेत, पण मला अजून कितीतरी घरं करायचीत."

"फोन करून सांगा त्यांना," आजोबा म्हणाले. "मी जातो. बसचे रस्ते मला नका शिकवू."

ते गेले. दुपार कलली तेव्हा परतले, चेहरा राखेसारखा, छाती भात्यासारखी. बस मध्येच बंद पडली होती, म्हणून निम्मी वाट पायी केली होती. तरी आधी त्यांनी भिंगरीला औषध दिलं. मग व्हरांड्यातल्या खाटेवर आडवे झाले, ते चप्पल न काढताच.

सूनबाई कामावरून आली, तेव्हा त्यांना झोप लागली होती. खिशातून गोळ्यांची पाकिटं डोकावत होती. तिनं त्यांच्या पायांतल्या चपला काढल्या. पडद्याची चादर ओढून काढली आणि घडी घातली. आजोबा जागे झाले, तेव्हा ती म्हणाली, "आत चला, बाबा. इथे गारठा असतो." मग म्हणाली, "सिस्टर तेव्हा सांगत होत्या. मी ऐकलं नाही. आणि बोलले मात्र तुम्हाला."

"आधी चहा टाक," आजोबा म्हणाले. आणि उशी काखेत मारून ते आत आले.

सहा महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी भिंगरीला तपासलं आणि म्हणाले, "झालं. औषध बंद." कुणी नाचलं नाही, मित्रांनो. सगळे फार थकले होते. सिस्टर हसल्या, पाण्याचे दोन घोट प्यायल्या आणि पुढच्या घरी गेल्या. आजोबांची छाती काही पूर्वीसारखी झाली नाही. कुठलाही जिना चढताना ते मध्येच थांबतात.

माझी चकाकी गेली, त्याचं मला दुःख नाही. मला घासायला विसरलात तरी चालेल. पण कुणी फार दिवस खोकत असेल, तर त्याला आधी दवाखान्यात न्या. घरातल्या लहानग्यांनाही तपासून घ्या. औषध अर्ध्यावर सोडू नका. आणि आजारी माणसाला, त्याच्या पेल्याला, घराबाहेर काढू नका. आजार बरा होतो, पण बाहेर काढलेल्या माणसाला आत यायला फार दिवस लागतात.

आता मी फळीवर माझ्या भावंडांत असतो. भिंगरी शाळेतून येते, हाताला लागेल तो पेला उचलते, उभ्या उभ्या पाणी पिते आणि पळते. कधी तो मी असतो, कधी नसतो. या घरात कुठला पेला कुणाचा, हे आता कुणीच पाहत नाही.