बेड सर्व्हिसिंगला नेलाय

आमच्या क्लबला सेवेचा भारी सोस. निळी जाकिटं घालून फोटो काढायचे आणि त्यातून वेळ उरला तर सेवा करायची, असं मी एकदा भर सभेत म्हणाले होते. तेव्हापासून मला सगळे 'तोफ' म्हणतात. म्हणू देत. माझं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. ज्याला दिसत नाही त्याला दिसत नाही म्हणून सांगायची मला सवयच आहे.

एक गोष्ट मात्र क्लबने खरोखर चांगली केलीय, आणि ती म्हणजे आमची साहित्य-खोली. वॉकर, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची दोन मशिन्स. ज्याच्या घरात कोणी आजारी असेल त्याने यावं, न्यावं, काम झालं की परत आणून द्यावं. किल्ली माझ्याकडे. प्रत्येक वस्तूवर देणगीदाराच्या नावाची पितळी पट्टी असते आणि ती घासूनपुसून चकचकीत ठेवायची असा अध्यक्षांचा दंडक आहे. वॉकरचं रबर झिजलेलं चालतं, पट्टी काळी पडलेली चालत नाही.

विजेवर चालणारा बेड आमच्याकडे एकच. पंपाचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी आईच्या स्मरणार्थ दिलेला, सोबत हवेची गादी. त्या गादीत छोट्या मशिनने आळीपाळीने हवा भरते, त्यामुळे पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीवर एकाच जागी भार येत नाही. तो बेड आठ महिने माझ्या ताईकडे होता. भाऊजींना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला: 'बरं'. पाणी हवं का, तर बरं. दुखतंय का, तर बरं. दिवा घालवू का, तर बरं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माकडहाडाशी हाताचा तळवा मावेल एवढी जखम होती. त्या गादीवर आणि ताईच्या हातांनी ती भरत भरत बोटाच्या पेरावर आली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता एवढं जपा, पुन्हा उघडली तर विष अंगात भिनेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही.

आणि परवा आमचा निधी-संकलनाचा वार्षिक कार्यक्रम होता. गाणी, सोडत, खाण्याचे स्टॉल, लिलाव. या वर्षी रुग्णवाहिका घ्यायची होती आणि ती पंपवाल्यांनी द्यावी म्हणून अध्यक्ष महिनाभर त्यांना लोणी लावत फिरत होते. अध्यक्षांचं फरशांचं दुकान. माणूस गोड बोलतो, इतका गोड की ऐकून दात दुखावेत.

मी दुपारी स्टॉल मांडायला सभागृहात गेले, तर दारातच, दर्शनी भागात, बेड. फुलांच्या माळा लावलेला. वर फलक: 'आपली देणगी, त्यांचा आधार'. आणि त्यावर आमचे खजिनदार पाय पसरून लोळत होते. हातात रिमोट. डोक्याची बाजू वर करायचे, खाली करायचे आणि खिदळायचे.

क्षणभर मला वाटलं, नवा घेतला वाटतं. मग कठडा दिसला. खालचा पत्रा हाताला लागतो म्हणून ताईने तिथे जुन्या चादरीची पट्टी शिवली होती. ती उसवून काढलेली, दोरे तसेच लोंबत होते.

"उठा," मी खजिनदारांना म्हणाले.

"अहो, प्रात्यक्षिक..."

"उठा म्हणते ना!"

आवाज ऐकून अध्यक्ष धावत आले. "मॅडम, मॅडम, शांत. कालच आणला. दोन दिवसांचा तर प्रश्न. पंपवाले येणार, त्यांना आईच्या नावाची पट्टी दिसायला नको का?"

"माझ्या ताईच्या घरून आणलात? मला न विचारता?"

"तुम्ही भावनिक झाला असतात. सर्व्हिसिंगला नेतो म्हणून सांगितलं, त्यांनी हसत दिला हो. चहासुद्धा विचारला."

"आणि गादी? गादी कशाला आणली?"

"गादीशिवाय बेड कसा दिसेल, मॅडम? नुसता सांगाडा." मग हळूच, मोठं समजावल्यासारखं म्हणाले, "आणि पेशंटची परवानगी घेतलीय बरं का. त्यांना स्वतःला विचारलं मी, काका, नेऊ का? 'बरं बरं' म्हणाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, त्यांना तेवढंच बोलता येतं! विहिरीत ढकलू का विचारलंत तरी बरंच म्हणतील!"

अध्यक्ष इकडेतिकडे बघायला लागले, कोणी ऐकत तर नाही ना. मी तिथून निघाले ती थेट ताईकडे.

ताईने दार उघडलं आणि मला बघून तिचं तोंडच उतरलं. आतल्या खोलीत बेडची जागा रिकामी होती आणि भाऊजी जमिनीवर, दोन गोधड्यांवर, डाव्या कुशीवर. खालून उचलून कूस बदलायला एकटीचं बळ पुरत नव्हतं, म्हणून रात्रभर पाठीवर आणि सकाळपासून त्याच कुशीवर. खोलीत तो वास होता. महिनोन्महिने गेलेला वास परत आला होता. मी चादर बाजूला केली. जखम उघडली होती. कडा लालभडक, मध्ये ओलं. मला रडू येईना, इतका राग आला होता.

"मला फोन का नाही केलास?"

"तू भांडली असतीस."

"मग? भांडायला नको?"

"हळू बोल, त्यांना कळतं सगळं." ताईने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "त्यांची वस्तू. त्यांनी मागितली, दिली. उद्या आणून देतो म्हणालेत. तू तिथे जाऊन काही बोलू नकोस, तुझ्या पाया पडते. चिडले आणि परत दिलाच नाही, तर मी कुठे जाऊ? असा बेड विकत घ्यायची ऐपत आहे का आपली?"

माझी मोठी बहीण. लहानपणी माझ्यासाठी शेजारच्या दांडगटाच्या अंगावर धावून जायची. उपकाराच्या ओझ्याने माणसाने किती वाकावं! मी तिला म्हटलं, नाही भांडणार. दोघींनी मिळून भाऊजींची कूस बदलली, पाठीखाली उशा लावल्या. मी उठले तर भाऊजी डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, "बरं." डोळ्यांत पाणी होतं.

सभागृहात पोचले तेव्हा पंपवाले आले होते. सगळा क्लब निळ्या जाकिटांत त्यांच्याभोवती. अध्यक्ष त्यांना बेडपाशी घेऊन आले. त्यांनी आईच्या नावावरून बोट फिरवलं, डोळे टिपले. मी गप्प उभी होते. शब्द दिला होता.

"सध्या कोण वापरतं?" पंपवाल्यांनी विचारलं.

"गरजूंसाठी सदैव सज्ज!" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे पडूनच आहे?" पंपवाल्यांचा चेहरा पडला. "आईच्या नावाची वस्तू कोणी वापरतच नाही?"

"नाही नाही, वापरात आहे! एक अर्धांगवायूचे पेशंट आहेत ना."

"मग ते आत्ता कुठे आहेत?"

अध्यक्ष माळेतलं फूल सारखं करायला लागले. तेव्हा माझ्या तोंडून निघालंच. "जमिनीवर. माझे भाऊजी आहेत. तुम्हाला पट्टी दाखवता यावी म्हणून त्यांच्या अंगाखालून हा काढून आणलाय. भरत आलेली जखम उघडलीय."

पंपवाल्यांनी मान हलवली, उसासा टाकला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला. आणि ते अध्यक्षांना म्हणाले, "चुकलंच तुमचं. पेशंटलाच आणायचं होतं बेडसकट. रिकामा बेड बघून कोण देतं हो? माणूस दिसला की लोकांचा हात खिशात जातो."

"अगदी खरं! पुढच्या वर्षी नक्की," अध्यक्ष म्हणाले. पटकन, लगेच, हसतमुखाने.

मग मात्र मी कोणाच्या बापाचं ऐकलं नाही. भिंतीतला प्लग उपसला. फुलांच्या माळा ओरबाडून काढल्या, फलक खजिनदारांच्या हातात कोंबला. खाली वाकून चारही चाकांचे खटके उघडले आणि बेड ढकलायला लागले. लोकांनी भराभर खुर्च्या मागे घेतल्या. कोणी अडवेना. पंपवाल्यांसमोर मला धरून ओढायची लाज वाटत असणार. काल बेड आणणारा टेम्पोवाला आज स्टॉलचं सामान घेऊन आला होता, तो दाराबाहेर उभाच होता.

"आत्ताच परत?" तो म्हणाला. "भाडं दुसरं पडेल हं."

"पडू दे. धर तिकडून."

आम्ही बेड चढवत होतो आणि आतून माईकवर अध्यक्षांचा आवाज आला. "मंडळी, बघितलंत? भर कार्यक्रमात आमच्या भगिनी स्वतःच्या हातांनी हा बेड एका गरजू घरी घेऊन निघाल्यात! त्या रुग्णाला लागेल तोवर हा बेड आता त्यांचाच! याला म्हणतात सेवा!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका! शिट्ट्यासुद्धा. टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्यासाठीच वाजवतायत." मी त्याला गाडी काढ म्हटलं.

ताईच्या घरी टेम्पोवाला, शेजारचा शिंपी आणि आम्ही दोघी, असं मिळून भाऊजींना वर घेतलं. गादीचं मशिन घरघरायला लागलं. ताईने हातमोजे घालून जखम धुवायला घेतली, ओठ घट्ट मिटून. एवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले, म्हणून तिने मला स्पीकर लावायला सांगितला.

"नमस्कार! पोचला ना बेड?" अध्यक्ष. "काय कार्यक्रम झाला म्हणून सांगू! रुग्णवाहिका झाली, आता दुसरीची बोलणी."

"तुमचे फार उपकार झाले," ताई म्हणाली. मी कपाळावर हात मारला.

"अहो, उपकार कसले! एक करा. सकाळी फोटोग्राफर पाठवतो. काकांचा बेडवर एक फोटो, आणि जखमेचा एक जवळून मिळाला तर बघा. लोकांपर्यंत पोचतं ते."

ताईचा हात थांबला. तिने जखमेकडे बघितलं, मग भाऊजींच्या तोंडाकडे. ते भिंतीकडे बघत होते.

"नाही," ताई म्हणाली. "त्यांचा फोटो नाही काढायचा." आणि लगेच, "रागावू नका हं."

तिकडून "बरं, बघू" म्हणून फोन बंद झाला.

ताई माझ्याकडे वळली. हातात कापूस तसाच. चेहरा पांढराफटक. "मी काय बोलून बसले! आता नेतील का गं परत?"

"नाही नेणार."

"कशावरून?"

"सगळ्या सभागृहासमोर माईकवर तुम्हाला देऊन बसलेत. टाळ्या घेतल्यात त्याच्यावर. आता कुठल्या तोंडाने येतील?"

ताईला ते पटलं. तिचे खांदे सैल पडले, ती पुन्हा जखम धुवायला लागली. आणि माझा संताप मात्र उतरेना, कारण मी बोलले ते शंभर टक्के खरं होतं. भाऊजींच्या पाठीसाठी त्यांनी तो बेड एक दिवसही ठेवला नसता. त्या टाळ्यांसाठी मात्र ठेवणार होते.