भोंगऱ्याचा मोकळा दिवस

शिरपूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हेमलताला चार महिने एकच प्रश्न छळत होता. सर्व्हर नव्या आवृत्तीवर न्यायचा हे ठरलं होतं. कधी न्यायचा, ते तिनं ठरवायचं होतं. सातपुड्यातल्या हजारो सिकलसेल रुग्णांचे रिपोर्ट त्या पेटीत होते, कोणाला कोणतं रक्त सोसत नाही हेसुद्धा. दसऱ्याला लावलेलं कुंकू तिनं पेटीवरून पुसलं नव्हतं. न जाणो, त्यानंच चालत असेल.

जळगावचा इंजिनिअर प्रेमराज म्हणायचा, आजच करा, जुन्या आवृत्तीची दुरुस्ती कंपनीनं बंद केली आहे. हेमलताच्या आधी ही खुर्ची सांभाळून नशिराबादला निवृत्त झालेले पितांबर नाना फोनवर म्हणायचे, चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. डॉक्टर सुनिता मॅडम म्हणायच्या, तुला कळतं तसं कर. अहो, कळत असतं तर तिनं तिघांना विचारलं असतं का? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. एकाचं ऐकलं की त्याचं पटायचं, दुसऱ्याचं ऐकलं की त्याचंही.

सर्व्हर चार-पाच तास बंद ठेवावा लागणार होता. तिनं कॅलेंडरवरच्या सुट्ट्या तपासल्या. रविवारी आठवडी बाजार, म्हणजे पाड्यांवरची माणसं बाजार करून दवाखान्यात येणार. इतर सुट्ट्यांना तपासणी शिबिरं. शेवटी झाडलोट करणाऱ्या गुंताबाईनं तोडगा काढला. ती डोंगराकडच्या गावची.

"होळीना आधी भोंगऱ्या ऱ्हास," ती म्हणाली. "त्या दिन आठे कोनी येत नही. बठ्ठा बजारले जातस."

भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा जत्रेसारखा बाजार; सगळे तिकडे गेल्यानं त्या दिवशी दवाखान्याची ओसरी खरंच ओस होती. हेमलतानं अकरा वाजता प्रेमराजला फोनवर घेऊन काम सुरू केलं. त्रेचाळीस टक्के झालं, आणि दारात डोंगरातल्या पाड्यावरची गेंदा उभी राहिली. खांद्यावर सात वर्षांची लेक, अंग फणफणलेलं, डोळे पिवळे. गर्दी नसते म्हणून याच दिवशी ये, असं गुंताबाईनंच तिला सांगितलं होतं.

पोरीला रक्त चढवावं लागणार होतं. सुनिता मॅडमनी जुना रिपोर्ट मागितला. हेमलतानं पडद्यावरचा आकडा पाहिला. सर्व्हर आता मध्येच थांबवता येत नव्हता.

गेंदानं कमरेची पिशवी सोडली. प्लास्टिकात गुंडाळलेले कागद निघाले, पोरीच्या जन्मापासूनचे. पितांबर नाना प्रत्येक रिपोर्टच्या दोन प्रती काढून एक रुग्णाला द्यायचे. मशीनचा काय भरवसा, म्हणायचे.

मॅडमनी कागद उलटले. "हे दोन वर्षांपूर्वीपर्यंतचे आहेत. मागच्या वर्षी रक्त दिल्यावर हिला त्रास झाला होता ना? त्याचा कागद?"

गेंदा हेमलताकडे पाहू लागली. कागद वाया जातो, सगळं कॉम्प्युटरात आहेच, म्हणून दुसरी प्रत बंद कोणी केली होती?

"मी दिला नाही, मॅडम," हेमलता म्हणाली.

मॅडमनी नमुना घेऊन रक्त हातानं जुळवायला घेतलं. पोर कण्हत राहिली. साडेतीनला सर्व्हर उठला, सगळे रिपोर्ट शाबूत. मागच्या वर्षीचा कागद मिळाला, पोरीला कोणतं रक्त सोसत नाही ते कळलं आणि चारला बाटली लागली. संध्याकाळी पोरीनं पाणी मागितलं.

प्रेमराज फोनवर म्हणाला, दिवस बरोबर निवडलात. हेमलताला ते खरं की खोटं, कळेना. तिनं गेंदाच्या लेकीचा रिपोर्ट छापायला टाकला आणि प्रतींच्या चौकटीत दोनचा आकडा भरला.