तीन कार्बन

“बाई, जिन्यात दिसलेला तो माणूस इथे आहे का?” सरकारी वकिलांनी विचारलं.

खुनाच्या त्या खटल्यात पाहणारं माणूस एकच होतं, तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या या बाई. मी कोर्टाचा टंकलेखक, बोटं तयार ठेवून बसलो होतो. बाई बोलेनात. त्यांनी आरोपीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. माझा कागद संपत आला होता. बरं झालं, असं मनात म्हणत मी तो काढला आणि नवे चार कागद, मध्ये तीन कार्बन, कडेला कड जुळवून चढवले. तरी बाई गप्पच. दाराशी उभे असलेले फौजदार खाकरले. तेव्हा कुठे बाईंचं बोट उठलं.

“हो. हाच तो.”

तेवढंच टाइप केलं. गप्प बसणं टाइप करायची आमच्यात पद्धत नाही.

पुढे न्यायाधीश साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी बाईंना पाहिलंच नव्हतं, त्यांच्यापुढे फक्त माझे कागद. ते निकाल सांगू लागले, “साक्षीदार एकच असली, तरी तिने जराही न अडखळता...”

माझी बोटं थांबली.

“काय झालं हो?”

“काही नाही साहेब. रिबन अडकली.”

रिबन ठीक होती. जन्मठेप मीच टाइप केली.

नकला न्यायला आरोपीची बहीण आली. “काका, तुम्ही तर समोरच होता. किती वेळ गप्प होती ती! अपिलासाठी एवढं लिहून द्याल?”

“कागदावर आहे तेच खरं, ताई.”

“मग कान कशाला घेऊन बसता तिथे?”

बाई खरंही बोलल्या असतील. तो वेळ मलाच लांब वाटला असेल. मला आजही सांगता येत नाही.

अपील फेटाळलं गेलं. मी निवृत्त झालो, मोडीत निघालेला माझा टाइपरायटर घरी आणला. गेल्या महिन्यात आरोपीच्या त्या बहिणीचं कार्ड आलं. भाऊ तुरुंगातच वारला. खाली एक ओळ होती, ‘तुम्हाला कळवावंसं वाटलं.’

तेव्हापासून सकाळी घड्याळ समोर ठेवतो. चार कागद, तीन कार्बन. कितीही घाई केली तरी दोन मिनिटांच्या आत जमत नाही.

“अहो, रोज कागद चढवता, लिहीत तर काहीच नाही,” बायको आतून म्हणते. “चहा निवतोय.”

“आलो,” म्हणतो.

आणि दाराशी कुणी खाकरतंय का, ते ऐकत बसून राहतो.