पत्रीचं ताट

"सरोजवहिनी, हे काय? गणपतीला सर्दी झालीय का?" रघुवीरगुरुजींनी पत्रीचं ताट नाकाशी नेत विचारलं. ताटात नुसती निलगिरी होती.

चंदीगडच्या आमच्या मंडळाच्या गणपतीला पत्री दरवर्षी मीच आणते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते ना, म्हणून हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. बाजारात पत्री मिळत नाही, पण पंचकुल्यापलीकडच्या माळावर आघाडा, रुई, माका, बोर सगळं उगवायचं.

पंच्याण्णव साल होतं, जो तो शेअरच्या नादी लागलेला. एका कंपनीनं 'निसर्ग परत आणू' म्हणत शेअर विकले, निम्म्या माळावर बुलडोझर फिरवला आणि निलगिरी लावली. आता उरलेल्या माळासाठी नवे शेअर निघणार होते. कंपनीचे नरेंद्रजी आज आमचे पाहुणे. मंडळाची ठेव त्यात घालायची, असं खजिनदारांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जवळजवळ ठरवलंच होतं. वनस्पतिशास्त्राची बाई म्हणून मी जंगलाबद्दल चार शब्द बरे बोलले की झालं!

"जंगल छान आहे म्हण अन् बस खाली," हे कुजबुजले. "कायले लफडं करून राह्यली?"

माझं डोकं सणकलं. मी माइक घेतला. "गुरुजी, यंदा मुद्दाम सकाळभर कंपनीच्याच जंगलात हिंडले. एकवीस पानं हवीत, एकच मिळालं. खाली गवत नाही, वर पाखरू नाही. याला जंगल म्हणायचं? पैसा लावायचाच तर उरलेल्या माळाला कुंपण घाला. तिथलं रान आपलं आपण वाढेल!"

नरेंद्रजी हसले. "मॅडमजी, झाडी बचाने में रिटर्न कहाँ है? इन्व्हेस्टर को पैसा तो कटाई पर मिलेगा."

"ऐकलंत? कापायलाच लावलीत!" मी ओरडलेच. "माझं नाव यात घालायचं नाही. आणि मंडळाची ठेवही नाही!"

ठेवीच्या चेकसाठी काढलेलं पेन हातात, ह्यांची मान खाली.

गुरुजींनी ताट बाजूला सारलं. पत्री नसली की तिच्या जागी अक्षता वाहतात. ते आघाडा, रुई, माका असं एकेका पानाचं नाव घेऊ लागले आणि दर नावाला लोक अक्षता वाहू लागले. तिसऱ्या नावाला ह्यांनी पेन खिशात घातलं आणि हात पुढे केला. "दे," म्हणाले.

मी दिल्या. मग नरेंद्रजींच्याही हातावर चिमूटभर ठेवल्या.

"चढाइए," मी म्हटलं. "ये सब आप ही के मैदान के नाम हैं."