संपूर्ण हजेरी

“साहेब, माह्या बाबाचा पगार कोन ठरवते?”

वर्गातल्या कांतानं चार चिंचांची पैज लावली होती, म्हणून गिरजानं विचारलं. आणि तेही अख्ख्या रोपवाटिकेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात. झाडं लावायला आलेल्या नववीच्या पोरी खुदखुदल्या. पलीकडे पिशव्यांत माती भरणाऱ्या डोमानं मान वर केली नाही.

तपासणीला आलेले साहेब खुशीत होते. “सरकार ठरवतं, पोरी. दिल्लीत आयोग बसतो, मग मुंबईत फायली हलतात. पण ते कायमवाल्यांचं. रोजंदारीवाल्यांत ज्यांचे पाच वर्षं दरवर्षी दोनशे चाळीस दिवस भरले, त्यांना कायम करायची यादी परवा जाते. नाव काय बाबांचं?”

“डोमा. अकरा वर्षं झाले इथीच.”

साहेबांनी टेबलावरचं हजेरीचं मस्टर चाळलं. “दर वर्षी दोनशेच दिसतात. पुढं मुलगी येते कामावर. गिरजा. वय अठरा.”

मस्टर लिहिणाऱ्या मुन्शीनं लगबगीनं चहा पुढे केला.

“जिंकली तू,” कांता कुजबुजली. गिरजा हसली नाही. चौथीत असताना बाबानं तिला याच टेबलाशी आणलं होतं. जीभ दातांत धरून तिनं गोल अक्षरात नाव लिहिलं होतं, आणि सरकारी वहीत आपली सही आहे म्हणून गावभर मिरवली होती. मग दर माघात तेच.

संध्याकाळी ती दारातच उभी राहिली.

“माहं नाव काऊन देल्लं, बाबा?”

“मुन्शी म्हणे, नाव बदल, नाई त घरी बस. माहा अंगठा ओळखू आला असता. तुले सही येत होती.” डोमा नखातली माती काढत राहिला. “काम मीच करत होतो. चूल पेटली पाह्यजे ना.”

गिरजा भिंतीकडे वळली. चौथी ते आठवी, शाळेची पाच प्रशस्तिपत्रं तिच्या आईनं, गोकुळानं, भाताच्या खळीनं चिकटवली होती. पाचांवरही ‘संपूर्ण हजेरी’. तिनं विळ्याच्या टोकानं पहिल्याची कड सोडवली.

“फाटन, बाई,” गोकुळा म्हणाली. मग जरा थांबून, “मुन्शी काम बंद करन. अन् सही त तुहीच हाय.”

“हाय. तेबी सांगीन साहेबाले.”

डोमा उठला आणि वरच्या दोन कागदांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता, ते त्यानं काढून दिले.

तिनं पाचही एकावर एक ठेवले.

“आई, बाबा, उद्या मी शाळेत जात नाई.”