सावळीराम टेलरचा जिना

मित्रांनो, मी नाशिकच्या मेनरोडमागच्या बोळातली एक लहान दुमजली इमारत आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. ना मी देऊळ, ना कोणा सरदाराचा वाडा. खाली दुकान, वर खोल्या, एवढाच माझा पसारा. तरीही सांगून पाहते.

चिमाजीशेठनी मला बांधले तेव्हा माझे खांब सागवानी होते, छपरावर मंगलोरी कौले होती आणि रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा होता. दुकानाला फळ्यांची दारे होती. सकाळी एकेक फळी काढून भिंतीला टेकवायची आणि रात्री पुन्हा खाचेत बसवायची. खाली तांब्यापितळेची भांडी विकली जात. ओट्यावरून एक रुंद लाकडी जिना वर जाई. त्याच्या पायऱ्या इतक्या बुटक्या होत्या, की डोक्यावर हंडा घेतलेली बाईसुद्धा न थांबता चढे.

त्या जिन्यामुळेच सावळीराम माझ्याकडे आला. तो शिंपीकाम करी. लहानपणच्या तापात त्याचा उजवा पाय वाळून गेला होता. त्याने बाजारातल्या पुष्कळ जागा पाहिल्या, पण वर चढता येईल असा जिना त्याला इथेच मिळाला. १९७१ साली त्याने सज्ज्याकडच्या खोलीत मशीन मांडले. डाव्या पायाने तो ते असे चालवी, की खाली भांडी ठोकणाऱ्यांचे हातही त्याच्या ठेक्यावर पडू लागत. त्याची बायको चांगुणा नांदगावकडची. ती काज-बटणे करी. शाळा सुरू व्हायच्या आधी माझ्या जिन्यावर मुलांची रांग लागे. तुमच्यापैकी कुणाच्या वडिलांची खाकी चड्डी तिथे शिवलेली असेल.

मग स्टीलची भांडी आली आणि तांब्यापितळेला गिऱ्हाईक राहिले नाही. चिमाजीशेठ वारले. त्यांचा मुलगा निवृत्तीशेठ याने खाली रेडिओचे आणि पुढे टीव्हीचे दुकान काढले. त्याला वरची खोलीही हवी होती. पण त्या काळी जुन्या भाडेकरूला कायद्याने सहजासहजी काढता येत नव्हते. निवृत्तीशेठने भांडण केले नाही. त्याने गवंडी बोलावला.

१९८१ च्या उन्हाळ्यात माझ्या फळ्या गेल्या आणि लोखंडी शटर आले. ओटा फोडला. दुकानाचे तोंड मोठे करायचे म्हणून लाकडी जिनाही उतरवला. त्याच्या बदल्यात मागच्या बाजूला गोल फिरणारा लोखंडी जिना लावला, तोही एका माणसापुरता. लोकांनी माझे नवे रूप वाखाणले. खरे सांगायचे तर मला ते ऐकून क्षणभर बरेही वाटले.

दुसऱ्या दिवशी सावळीराम त्या जिन्यापाशी आला आणि बराच वेळ वर बघत उभा राहिला. मग तो पाठमोरा होऊन पहिल्या पायरीवर बसला आणि हातांच्या जोरावर बसल्या-बसल्या एकेक पायरी वर सरकू लागला. चांगुणा खालून त्याचा वाळलेला पाय उचलून पुढच्या पायरीवर ठेवी. त्या जिन्यासमोरच्या चहावाल्या गोटीरामच्या टपरीवर माणसे जमली.

"मास्तर, शेठला सांगून विमानाची शिडी मागवा की," गोटीराम म्हणाला. सगळे हसले.

"हसा," चांगुणा वळून न बघता म्हणाली. "ढुंगणावरचं कापड यांनीच शिवलंय तुमच्या."

त्यावर अजूनच हशा पिकला. रोज सकाळी हा खेळ चाले, आणि बघायला येणारे रोज येत. लुगड्यातल्या बायकांनी त्या जिन्याने यायचे सोडले. त्यांच्यामागे मुलेही गेली. तरी सावळीरामने खोली सोडली नाही. ती गेली तर बाजारात परवडेल अशी दुसरी जागा मिळणार नाही, हे त्याला पक्के माहीत होते.

दोन वर्षांनी दसरा आला. सावळीरामने मशीन धुऊनपुसून झेंडूची माळ घातली होती. निवृत्तीशेठ स्वतः वर आला. हातात आपट्याची पाने. चहा घेऊन आलेला गोटीराम दारात उभा होता.

"मास्तर, सोनं घ्या. झालं गेलं विसरा," निवृत्तीशेठ म्हणाला, आणि त्याने सावळीरामला मिठी मारली. मग म्हणाला, की दिवाळीच्या आधी खोलीला सफेदी मारून देतो, चार दिवस किल्ली द्या.

चांगुणा म्हणाली, "उद्या बघू, शेठ."

सावळीराम तिला हळूच म्हणाला, "अगं, सोनं घेतलंय हातात. आता नाही कसं म्हणू?"

त्याने किल्ली दिली. मित्रांनो, दसऱ्याचे सोने देऊन कोणी दगा करील, असे त्याच्या मनातही येऊ शकत नव्हते.

चार दिवसांनी तो आला तेव्हा मागचा लोखंडी जिना नव्हता. वर जायची वाट आता दुकानाच्या आतून होती. मशीन बोळात उभे होते. माळ अजून गळ्यात होती, वाळलेली.

"किल्ली तुम्ही तुमच्या हातानं दिली, मास्तर," निवृत्तीशेठ म्हणाला. "मी कुलूप तोडलं का?"

चांगुणा गोटीरामकडे गेली. कोर्टात दाद मागायची तर वकील साक्षीदार मागत होता, आणि सफेदीचे बोलणे गोटीरामनेच ऐकले होते.

"मी कप गोळा करत होतो, वहिनी," तो म्हणाला. "माझं कुठं लक्ष होतं?"

वर व्हिडिओ पार्लर निघाले. तिथला चहा गोटीरामकडून जाऊ लागला. सावळीराम समोरच्या मिठाच्या दुकानाच्या ओट्यावर मशीन मांडून बसू लागला. एक दिवस निवृत्तीशेठने त्याच्यापुढे काळ्या कापडाचे ठाण टाकले. खिडक्यांना पडदे हवे होते, दिवसा अंधार करायला.

"बाहेरच्याला कशाला देऊ, मास्तर? मापं तुम्हालाच ठाऊक."

सावळीरामने दोन दिवस ठाणाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने टेप न घेता कापड फाडले. पडदे तंतोतंत बसले. त्या दिवसापासून माझ्या वरच्या खोलीत ऊन आलेले नाही.

मित्रांनो, कधी कधी कॉलेजची मुले येतात, माझ्या उरलेल्या खांबांची चित्रे काढतात आणि अशा जुन्या इमारती जपायला हव्यात, असे म्हणतात. जपा. पण मला रंग लावण्यापूर्वी माझा जिना कोण चढत होते, तेही विचारत जा. आणि शेजारी साक्षीला बोलवायला आला, तर उठून त्याच्यासोबत जा. मी सगळे पाहिले होते, पण भिंतींची साक्ष कोणी घेत नाही. तुम्हाला तोंड आहे.